रमाबाईंची पडेल कॅसेट

झांज ऐकू येईनाशी झाली तेव्हा गौतम सकपाळांनी आधी कॅसेटला दोष दिला, मग टेपला. स्वतःच्या कानांवर संशय घ्यावा असं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि त्याला कारण होतं. भोईवाड्यापासून नायगावपर्यंत जुन्या भीमगीतांबद्दल कुणाला काही विचारायचं असलं की लोक म्हणायचे, "सकपाळांकडे जा. त्यांना कान आहे."

सकपाळ एकोणसत्तर वर्षांचे. त्यातली चौतीस वर्षं त्यांनी माझगावला जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात काढली. गोदीत आलेल्या जहाजाच्या पोटातला गंज हातोडीने आणि मशीनने खरवडायचा, हे काम. पोलादाच्या त्या पोकळीत आवाज असा घुमायचा की समोरच्याची हाक त्याच्या ओठांवरून ओळखावी लागे. पुढे पुढे कंपनीने कानांवर लावायला टोप्या दिल्या होत्या. पण उकाड्यात त्या घालवत नसत, आणि वरून क्रेन येतेय हे कुणी ओरडून सांगितलेलं कळलं नाही तर जिवावर बेतायचं. बरेच जण त्या खुंटीला टांगून कामाला लागत. सकपाळही त्यातलेच.

घरी आले की आंघोळ, चहा आणि मग कॅसेट. चाळीतल्या त्या दीड खोलीत एक सागवानी कपाट निव्वळ कॅसेटींचं होतं, साडेचारशेच्या वर भरतील इतक्या. घरात भांडी ठेवायला जागा नव्हती, पण कपाट हललं नाही.

त्यांच्या लेखी गायिका एकच, रमाबाई कासारे. नायगावच्या चाळीत वाढलेली गिरणी कामगाराची मुलगी, सोळाव्या वर्षी चौदा एप्रिलच्या स्टेजवर उभी राहिली ती मग उतरली नाही. तिची पहिली कॅसेट 'माझ्या आईची पाटी'. आईच्या डोक्यावरची मातीची पाटी आणि मुलीच्या हातातली शाळेची पाटी, अशा दोन्ही पाट्या तिसऱ्या गाण्यात एका ओळीत येतात. ती ओळ रमाबाई तीनदा घेतात. पहिल्यांदा सांगतात, दुसऱ्यांदा विचारतात, आणि तिसऱ्यांदा अर्ध्यावर गप्प होतात. झांज तेवढी वाजत राहते. सकपाळ आल्यागेल्याला तिथे हात वर करून थांबवत. "ही झांज ऐका. इथं बाई रडल्यात. रेकॉर्डिंगवाल्याने गाणं थांबवलं नाही, हे त्याचे उपकार."

दुसऱ्या नंबरला ते गिरगावच्या अवधूत केरकरांची 'समुद्राकडे तोंड' ही गझलांची कॅसेट धरत. खोताच्या वाडीतल्या कुणाच्या तरी लाकडी माडीवर ती रेकॉर्ड झाली होती, आणि नीट ऐकलं तर चौथ्या गझलेत जिन्यावरून कुणी उतरल्याचा आवाज येतो. "माणूस आपल्यातला नाही," सकपाळ म्हणत, "पण गाताना खोटं बोलत नाही." चांगल्या कॅसेटीत एक तरी जागा अशी हवी की गाणारा आपल्याला कुणी ऐकतंय हे विसरला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. ज्या कॅसेटीत ती जागा सापडत नसे तिला ते खालच्या फळीवर टाकत, आणि खालच्या फळीवर गेलेली कॅसेट पुन्हा वर आल्याचं कुणाला आठवत नाही.

तर अशा माणसाला दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर एका रविवारी तिसऱ्या गाण्यातली झांज ऐकू आली नाही. रमाबाई थांबल्या आणि पुढे नुसती ढोलकी. त्यांनी कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली. स्पिरिटचा बोळा फिरवून टेपचं हेड पुसलं. मंगळवारी टेप पिशवीत घालून ते लॅमिंग्टन रोडला मनूभाईंकडे गेले. मनूभाई तिथले जुने दुरुस्तीवाले, सकपाळांचा टेप त्यांच्या हातून तीनदा गेलेला.

मनूभाईंनी कॅसेट लावली, डोळे मिटून ऐकली, बंद केली.

"टेप एकदम ओके आहे, सकपाळ."

"झांज नाही वाजत."

"वाजते ने. बघा." त्यांनी पुन्हा लावली आणि टेबलावर बोटाने ठेका धरला. छन, छन, छन, अशी त्यांच्या बोटाची हालचाल सकपाळांना दिसत होती. बोट वाजत होतं, टेपमधून काही येत नव्हतं.

मनूभाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आवाज बंद करून हळू म्हणाले, "कॅसेटमधी आहे, सकपाळ. मला ऐकू येते."

सकपाळांची मुलगी मेघना परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करते. ती त्यांना कान तपासायला घेऊन गेली. डॉक्टरीण बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून ती सरळ येत होती आणि उजवीकडे पायऱ्या उतराव्यात तशी खाली गेली होती. उंच पट्टीचे आवाज गेलेत, त्या म्हणाल्या. पुरुषाचा भारी आवाज, ढोलकी हे राहील. बारीक आवाज, बायकांच्या बोलण्यातले स, त, च हे आधी जातात. परत येत नाहीत.

कानाचं यंत्र घेतलं. त्याने बोलणं कळायला लागलं, पण गाणं लावलं की झांज मोरीत चमचे फेकल्यासारखी यायची आणि रमाबाई पत्र्याच्या डब्यातून गायच्या. दोनदा ऐकून सकपाळांनी यंत्र काढून ठेवलं. म्हणाले, "हिला अशी ऐकण्यापेक्षा नको." त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. नायगावहून माणसं आली, कुणाला जुन्या गायन पार्टीचं नाव हवं होतं, कुणाला एखाद्या गाण्याचा कवी. "टेप बिघडलाय," असं सांगून त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे चार महिने त्या घरात गाणं वाजलं नाही.

सुचित्राबाईंना, म्हणजे सकपाळांच्या बायकोला, याचं बरंच वाटलं असेल असं चाळीत सगळ्यांनी धरलं होतं. चाळीस वर्षं त्या सांगत आल्या होत्या, आवाज कमी करा, मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. नवऱ्याच्या मित्रांची बैठक बसली की त्या चहा ठेवून गॅलरीत जात. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, हे सकपाळ त्यांच्या देखतच सांगत, रागाने नव्हे, सहज.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर सुचित्राबाईंनी पाण्याच्या पिंपामागे ठेवलेली किल्ली काढली आणि कपाट उघडलं. सकपाळ खाटेवर पडले होते. त्या स्टूल ओढून त्यांच्या समोर, उजेडात, तोंड दिसेल अशा बसल्या आणि पाटीची कॅसेट लावली.

"काय करतेस?"

"तुम्हाला काय ऐकू येत नाही ते विचारा. मी सांगते."

"तुला काय कळणार त्यातलं."

"विचारा तर."

ते उठून बसले. तिसरं गाणं आलं. आवाज येत होता, पण शब्दांच्या कडा गेल्या होत्या, ओल्या कागदावर शाई पसरावी तसं. दोन पाट्यांची ओळ आली असावी असं ढोलकीवरून त्यांनी ताडलं. "लागली का झांज?"

"लागली. बाईंच्या थांबण्याआधीच लागली. बाई थांबल्या तेव्हा वाजवणाऱ्याने हात हलका केला."

झांजवाल्याने हात हलका केलाय हे सकपाळांनी स्वतः कधी कुणाला सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांच्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग दर रविवारी दुपारी हे सुरू झालं. केरकरांच्या गझला सकपाळांना बऱ्यापैकी ऐकू येत, आवाज खर्जातला होता. तिथे सुचित्राबाई गप्प बसत आणि फक्त जिन्यावरच्या पावलांच्या वेळी मान हलवत. रमाबाईंच्या वेळी मात्र त्या बोलत. आधी नुसतं 'वर गेल्या', 'खाली आल्या' एवढंच. मग हळूहळू शब्द सापडू लागले. श्वास चोरून घेतला, बेंजो मागे राहिला, इथे बाई हसल्या पण ओळ दुःखाची आहे. मेघना येई तेव्हा दारातच थांबून बघे. आईवडिलांना इतकं बोलताना तिने लहानपणी पाहिलं नव्हतं.

पावसाळा संपत आला तेव्हा सकपाळांच्या एक गोष्ट ध्यानात आली. बाई पुढे काय करणार हे सुचित्रा कधी कधी आधीच सांगते. एका कॅसेटीची बाजू संपताना त्या म्हणाल्या होत्या, "आता बाई खोकतील," आणि मग म्हणाल्या, "खोकल्या."

"तू हे ऐकलंयस आधी."

सुचित्राबाईंनी टेप बंद केला. उठल्या, कपाटाशी खाली बसल्या आणि तळाच्या फळीवरून, अगदी मागून, एक कॅसेट काढली. 'निजेची वेळ'.

सकपाळांनी ती ओळखली. पंच्याण्णव साली आलेली रमाबाईंची अंगाईगीतांची कॅसेट. पेटी नाही, झांज नाही, सगळं कीबोर्डवर. त्यांनी ती एकदाच ऐकली होती आणि चार मित्रांसमोर निकाल दिला होता, रमाबाई संपल्या. तो शब्द पसरला. नायगावात बरेच जण अजून तेच म्हणत होते.

"बाकीच्या कधीमधी. ही मी रोज ऐकायची," सुचित्राबाई म्हणाल्या. "श्रेया गेली त्या वर्षी. दुपारी."

श्रेया त्यांची धाकटी मुलगी. चौदा महिन्यांची असताना तापाने गेली. तिचं नाव त्या घरात फारसं निघत नसे.

"मला कसं कळलं नाही?"

"कळेल कसं. तुम्ही ती कॅसेट जिथवर ठेवलेली तिथवर मी पेन्सिल घालून परत फिरवून ठेवायची. बाईंची निंदा केलेली तुम्ही. म्हटलं, उगाच विचाराल, ही कशाला काढली." त्या जरा थांबल्या. "आणि तुम्ही घरी होतात कुठे? ओव्हरटाइम करायचात. रविवारीसुद्धा."

सकपाळांना ते वर्ष आठवत होतं. पैशाची तेवढी निकड नव्हती. घरात रिकामा पाळणा होता आणि जहाजाच्या पोटात इतका आवाज होता की डोक्यात दुसरं काही उरत नसे. त्या वर्षी कानांवर काही लावावं असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी सांगितलं. अडखळत, खाली बघत सांगितलं, म्हणून तिने काही उत्तर दिलं असेल तर ते त्यांना कळलं नाही. मान वर केली तेव्हा ती कॅसेट टेपमध्ये घालत होती.

कीबोर्ड त्यांना ऐकू आला, अजूनही तितकाच वाईट. त्याच्या वर बाईंचा आवाज धुरासारखा. सुचित्राबाई ओळीमागून ओळ सांगत गेल्या. चौथ्या अंगाईला त्या म्हणाल्या, "इथं मूल झोपलंय. बाईंना कळलंय झोपलं म्हणून. तरी गातात. आता कुणासाठी नाही, अशा."

सकपाळांनी हात वर केला, पूर्वी पाहुण्यांना थांबवायचे तसा. "परत लाव."

त्यांनी परत लावली. सकपाळांना ती जागा ऐकू आली नाही, दुसऱ्यांदाही आणि तिसऱ्यांदाही नाही. पण ती तिथे आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. तेवढ्यापुरता त्यांनी बायकोच्या कानांवर विश्वास ठेवला, आणि गाण्याच्या बाबतीत त्यांनी दुसऱ्या कुणाच्या कानांवर ठेवलेला तो पहिलाच विश्वास होता.

डिसेंबरात नायगावच्या समाजमंदिरात रमाबाईंच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता. बाईंना जाऊन आठ वर्षं झाली होती. सर्वांत जुने श्रोते म्हणून सकपाळांना दरवर्षी दोन शब्द बोलायला सांगत, आणि दरवर्षी ते पाटीवर बोलत. यंदा ते यंत्र लावून गेले. सभागृहात सत्तरेक माणसं होती.

"रमाबाई संपल्या असं मी पंच्याण्णव साली बोललो," ते म्हणाले. "तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते माझ्याकडून घेतलंय. ते चूक होतं. ती कॅसेट मी एकदा ऐकली, तीही मित्रांना दाखवण्यासाठी. माझ्या घरात ती कुणी खरी ऐकली असेल तर माझ्या मिसेसने. त्या कॅसेटबद्दल तीच सांगेल."

सुचित्राबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्या उठतील असं कुणालाच वाटलं नाही, मेघनालाही नाही. पण त्या पदर सावरून उठल्या, माइकजवळ गेल्या आणि चारपाच मिनिटं बोलल्या.

सकपाळ स्टेजवर त्यांच्या पाठीमागे बसले होते, त्यामुळे ओठ दिसत नव्हते, आणि माइकचा आवाज यंत्रात नुसता करकरत होता. एक शब्दही त्यांना लागला नाही. ते समोरच्या लोकांकडे बघत राहिले. पहिल्या रांगेतला रमाबाईंचा जुना ढोलकीवाला मान खाली घालून ऐकत होता. मागे दोन बायका एकमेकींचा हात धरून होत्या.

कार्यक्रम संपल्यावर चौघंजण त्यांच्याजवळ आले आणि ती कॅसेट ऐकायला कधी मिळेल असं विचारू लागले. सकपाळांनी सुचित्राबाईंकडे बोट केलं. "हिला विचारा. दुपारी असते ती घरी."

भोईवाड्याकडे चालत येताना त्यांनी विचारलं, "काय बोललीस गं?"

रस्त्यावर रहदारी होती. सुचित्राबाई त्यांच्या पुढे येऊन, दिव्याखाली थांबून, त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "श्रेयाचं नाव घेतलं."

सकपाळांनी मान हलवली. मग दोघं पुन्हा चालू लागले. पुढच्या रविवारी ढोलकीवाला बायकोला घेऊन आला, आणि त्या दोघांसमोर स्टुलावर सुचित्राबाई बसल्या, सकपाळांनी चहा ठेवला.