एका बटणाचा भोंगा

भोंगेवाला सव्वीस वर्षं एकच काम करत होता आणि आता त्या कामाला विटला होता. पगाराच्या कागदावर त्याचा हुद्दा चांगला दीड ओळीचा होता, पण तो कागद सोडला तर ते नाव कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही. गावाच्या लेखी तो भोंगेवाला. तेही गावाला त्याची आठवण झाली तर.

पाण्याच्या उंच टाकीखाली त्याची खोली होती. आत एक टेबल, एक फोन, एक जाडजूड वही, भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाखाली लोखंडी दांडी. दांडी खाली ओढून धरली की टाकीवरचा भोंगा वाजायचा आणि हात सोडला की बंद व्हायचा. खिडकीतून नदीवरचा पूल दिसे. पुलाच्या मधल्या खांबावर दोन पट्टे रंगवले होते: पिवळा म्हणजे सावध राहा, तांबडा म्हणजे निघा. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता दुर्बिणीतून पाणी खांबाला कुठे लागलंय ते बघायचं, वरच्या धरणावर फोन करून तिथली खबर घ्यायची आणि वहीत लिहायची. सव्वीस वर्षांच्या अशा वह्या कपाटात पडल्या होत्या. त्या वाळवीशिवाय कोणी उघडल्या नव्हत्या.

शिवाय महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता भोंग्याची चाचणी असे. बरोबर एक मिनिट, त्याहून एक क्षणही जास्त नाही. हे कागदावर होतं आणि त्याच्या स्वभावातही होतं. दांडी जड होती, खांदा दुखायचा, एकसष्टावा सेकंद वाजवून कोण बक्षीस देणार होतं?

गावानं या चाचणीचा आपल्यापुरता उपयोग शोधून काढला होता. भोंगा वाजला म्हणजे दहा वाजले. लोक घड्याळं लावून घ्यायचे. एकदा पोट बिघडल्यामुळे त्याला आठ मिनिटं उशीर झाला, तर भाजीवाल्यानं दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात त्याला धरलं, "काय हो, तुमच्यामुळे आमचं सगळं घर आठ मिनिटं मागे चाललंय." पुराच्या यंत्रावर घड्याळ लावणाऱ्या माणसांना काय सांगायचं? शहाण्याला शब्दाचा मार, आणि यांना तर भोंग्याचाही लागत नव्हता.

खरा इशारा तीन मिनिटांचा. तो त्याला सव्वीस वर्षांत पाच वेळा द्यावा लागला. पाचवा चार वर्षांपूर्वीचा, आणि त्यानंच सगळा घोळ केला. खालची गल्ली नदीच्या अगदी काठाला. तिथले लोक भोंगा ऐकून टेकडीवरच्या शाळेत गेले, रात्रभर बाकांवर अवघडून बसले, आणि पाणी गल्लीच्या पहिल्या पायरीला लागून मुकाट्यानं परत गेलं. धरणवाल्यांनी दरवाजे वेळेत बंद केले होते. म्हणजे खरं तर आनंदाची गोष्ट. पण लोकांना वाटलं, आपल्याला फसवलं. त्यातून शाळेच्या ओल्या जिन्यावर त्याची ताई घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं.

ही त्याची सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्याला वाढवला, न्हाऊमाखू घातला, धपाटेही घातले. नवरा गेल्यापासून ती खालच्या गल्लीत एकटी राहायची आणि शिवणकाम करायची. मनगट मोडलं आणि तीन महिने सुई धरता आली नाही. तो भेटायला गेला तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "पाणी घरात शिरून खाट तरंगली ना, तरी तुझ्या भोंग्यावर परत घर सोडायची नाही. शपथ आहे माझी."

"ताई, मी काय मुद्दाम..."

"जा तू. आणि फोन करून पाण्याच्या गोष्टी सांगत जाऊ नकोस. दुसरं काही बोलायला येतच नाही तुला."

तेव्हापासून बोलणं बंद. मोडेन पण वाकणार नाही, असला तिचा खाक्या. तो फोन करायचा, ती उचलायची नाही. हळूहळू त्यानंही करणं कमी केलं. मनात राग होता असं नाही. दमला होता, एवढंच.

त्या सोमवारी सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. उन्हानं पुलाचे कठडे तापले होते. खांबावर पाणी पिवळ्या पट्ट्याच्या चांगलं हातभर खाली. दहाला आठ मिनिटं कमी असताना फोन वाजला. धरणावरचा माणूस धापा टाकत बोलत होता. मागच्या डोंगरात पहाटेपासून ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळतोय, धरण काठोकाठ आलंय, सगळे दरवाजे उघडलेत.

"सगळे?"

"सगळे. तुमच्याकडे पाऊण तासात पोचेल. तांबड्याच्या बरंच वर जाईल. वेळ घालवू नका."

भोंगेवाल्यानं वहीत वेळ लिहिली. सवय. मग साहेबांच्या कचेरीत फोन लावला. कचेरी दहाला उघडायची, त्यामुळे घंटी नुसतीच वाजत राहिली. त्यानं घड्याळाकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं.

पहिला सोमवार. दहाला सहा मिनिटं कमी. लख्ख ऊन. आता भोंगा वाजवला तर अख्खं गाव म्हणणार, झाली चाचणी. पंधरा मिनिटं थांबून वाजवावा तर म्हणणार, भोंगेवाल्याला आज डुलकी लागली असेल. आणि पाऊण तासातली पंधरा मिनिटं फुकट घालवायची ती कोणाच्या जिवावर? खालच्या गल्लीत तीस घरं. त्यातल्या एका घरात, शपथ घेतलेली, गुडघे दुखणारी, एकटी बाई.

त्यानं दांडी ओढली.

भोंगा कण्हत कण्हत चढला आणि मग सगळ्या खोलीत भरून गेला. एक मिनिट झालं. खिडकीतून बाजारचा रस्ता दिसत होता. कोणी मान वर केली नाही. भाजीवाल्यानं मात्र पाट्या तशाच टाकून, स्टुलावर चढून दुकानातल्या घड्याळाचा काटा पुढे सरकवला. भोंगेवाल्यानं ते दुर्बिणीतून बघितलं आणि त्याला रडावं की हसावं कळेना.

उजव्या हातानं दांडी धरून डाव्या हातानं त्यानं ताईचा नंबर फिरवला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. दोन मिनिटं. तीन. इथे नियम संपत होता. तीन मिनिटांनंतर मोटर दहा मिनिटं थंड होऊ द्यायची, नाहीतर जळते, असं दांडीच्या वरच पाटीवर लिहिलेलं होतं. ती पाटी त्यानं सव्वीस वर्षं पुसली होती. दांडी त्यानं सोडली नाही.

फोन वाजला. साहेब होते. "अहो, चाचणी एका मिनिटाची ना? मी आत्ता जिन्यातच आहे, लोक तक्रारी करतायत."

"साहेब, चाचणी नाही. धरणाचे सगळे दरवाजे उघडलेत."

"मग हे सांगायचं नाही का?"

"तेच सांगतोय साहेब. केव्हापासून सांगतोय."

साहेबांचा आवाज उतरला. गाडीवर कर्णा बांधून पाठवतो म्हणाले. गाडी येईल तेव्हा येईल. सातव्या मिनिटाला खोलीत जळका वास आला. नवव्या मिनिटाला वर काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला आणि दांडी हातात ढिली पडली. भोंगा मेला. एकदम इतकं शांत झालं की बाजारातला तराजूचा आवाज ऐकू आला.

तो खाली उतरला आणि चालू लागला. साठीला आलेला माणूस, पळणार कुठून? टाकीपासून खालची गल्ली वीस मिनिटांवर. दिसेल त्याला तो सांगत होता, "वर जा, शाळेत जा, पाणी येतंय." काही जण आकाशाकडे बघत होते. काही जण त्याचा चेहरा बघून दुकान आवरू लागले. त्याचं लक्ष कशातच नव्हतं. तिला उचलून आणायचं तरी कसं, तिनं ऐकलं नाही तर काय करायचं, एवढंच डोक्यात होतं. धाकटा म्हणून आयुष्यात कधी तिच्यावर जबरदस्ती करता आली नव्हती.

शाळेच्या वळणावर तो थबकला. समोरून खालची गल्ली वर येत होती. अख्खी. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचललेलं. सगळ्यांच्या पुढे एक हातगाडी, तीत शिवणाच्या मशीनचं डोकं गोधडीत गुंडाळलेलं, आणि गाडीला धरून, लंगडत, सगळ्या गल्लीला शिव्या घालत त्याची ताई. "अगं चल, नटतेस काय! पाणी काय तुझी वेणी होईपर्यंत थांबणार आहे?"

पाणी आलं ते सांगितल्या वेळेच्या चार मिनिटं आधी. शाळेच्या गच्चीवरून सगळ्यांनी बघितलं. खांबावरचा तांबडा पट्टा गेला, मग खालच्या गल्लीच्या खिडक्या गेल्या. एक बाई हुंदके देत होती, तिचं घर जाताना दिसलं होतं. माणसं मात्र मोजून सगळी होती. दोनदा मोजली.

भोंगेवाला वर्गाबाहेरच्या पायरीवर बसला होता. खांदा ठणकत होता. ताई आली आणि शेजारी टेकली. चार वर्षांनी.

"मला वाटलं, तू येणार नाहीस," तो म्हणाला.

"नव्हतेच येणार."

"मग?"

ती मनगट चोळत राहिली. "दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुझा भोंगा सुरू झाला की मी एक बटण लावायला घेते. बटण लागतं, गाठ मारते, दोरा तोडते, की तुझा भोंगा बंद. इतक्या वर्षांत दुसऱ्या बटणाला हात लावावा लागला नाही. आज एक झालं. म्हटलं, आता थांबेल. दुसरं झालं. तिसरं झालं. चौथं हातात धरलं आणि म्हटलं, काहीतरी भलतंच आहे. माझा भाऊ लहानपणापासून आळशी. चार खेपा सांगितल्या तर पाचवी कधी घातली नाही यानं. तो मिनिटाच्या वर भोंगा वाजवतोय म्हणजे पाणी आलंच. तशीच उठले आणि दारोदार ओरडत सुटले."

सव्वीस वर्षं आपण वाऱ्यावर ओरडतोय असं त्याला वाटत होतं.

"पण तू तर माझ्याशी बोलत नव्हतीस," तो म्हणाला. "मग चार वर्षं बटण कशाला?"

"बोलत नव्हते म्हणून काय झालं?" ती त्याच्यावरच खेकसली. "भोंगा वाजला की कळायचं, धाकटा कामावर आलाय. बरा आहे. मग मी पुढच्या कामाला लागायची."

तो खाली मान घालून रडला. तिनं रडू दिलं. मग पदरानं त्याचं तोंड खसाखसा पुसलं, शाळेत पाठवायच्या आधी पुसायची तसं.

"मोटर जळली गं," तो म्हणाला. "नवी यायला दोन-तीन महिने तरी लागतील. पुढच्या पहिल्या सोमवारी वाजायचा नाही."

"मग तू ये," ती म्हणाली.