दोनदा मोजणारे सर

"आज मोजलं ते आज सांगायचं न्हाई." चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत आमचे सर हे इतक्यांदा म्हणत, की अंबाजोगाईच्या आमच्या तपासणी केंद्रात शिपायालाही ते पाठ झालं होतं. असा चिवट माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल.

मी तिथं एमआरआयचं मशीन चालवतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांभोवती पाण्याच्या बारीक जागा असतात. वयानं, रक्तदाबानं त्या रुंदावतात. डॉक्टरांसाठी त्या मोजायचं काम सरांचं. आकडा चिठ्ठीवर लिहून ते ती खणात पालथी टाकत आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडं न बघता पुन्हा मोजत. दोन्ही जुळले तरच आकडा पुढं जाई.

मी चिडवायचो, "सर, मेंदू काय रातोरात पळून जातोय?"

"मेंदू न्हाई बे, डोळा लबाड असतो."

मग माझ्याच आईची पाळी आली. वडवणीच्या बाजारातून घरी यायची वाट ती विसरली. तपासणीत त्या जागा रुंद निघाल्या. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि वर्षानं पुन्हा बघू म्हणाले. वाढ नसली तर आशा होती. ते वर्ष कसं काढलं, माझं मला ठाऊक.

दुसऱ्या तपासणीनंतर सरांनी मोजलं. चिठ्ठी खणात गेली. सर चहाला गेले आणि मी खण उघडला. दुसऱ्या दिवशी ते मोजायला बसले आणि माझी जीभ सुटलीच, "सर, गेल्या वर्षीएवढंच आलंय की!"

सरांनी चिठ्ठी टराटरा फाडली. "आता माझा डोळा तुझ्या आईची बाजू घेईल. आकडा खोटाच चांगला निघला, तर तिचं नुकसान. पाच दिस जाऊ दे. मी इसरलो की मोजू."

पण तेवढ्यात ते निवृत्त झाले. मी शरमेनं अर्धा झालो. तरी सर तेलगावहून एसटीनं आले, लागोपाठ दोन दिवस. आकडे जुळले. डॉक्टरांची सही झाल्यावर बाकावर बसलेल्या आईला त्यांनी स्वतः सांगितलं, "माय, वाढलं न्हाई. हाय तेवढंच हाय."

आई म्हणाली, "मंग ह्या लेकराला सांगा. आठ दिस झालं, पोटभर जेवलं न्हाई."

मी मनात दिवस मोजले. बरोबर आठ. सरांनी डबा काढला, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली आणि तेलगावची गाडी गाठायला निघाले. त्यानंतर ते केंद्रात आले नाहीत.