नावड्याची बुरशी आणि झेंडूची माळ

सोसायटीत मला बुरशीवाली म्हणतात. पावसाळ्यात कुणाच्या भिंतीला ओल आली की बोलावणं येतं. "बघा ना, ही कुठली बुरशी?" मी सांगते, "ही बिल्डरची." लोक हसतात, त्यांना वाटतं मी मजेत आहे. मी मजेत नाही. बुरशीपायी माझी चांगली वर्षं गेली आणि जे झालं त्याचा राग अजून तसाच आहे.

इथल्याच एका कॉलेजात मी पीएचडी करत होते. मेलेल्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशा शोधायच्या, त्यांचे प्रकार ओळखायचे आणि कोण कुणापासून कधी वेगळी झाली ते बघायचं, असं काम. नावडे कॉलनीच्या कडेला, तळोज्याच्या केमिकलचा वास जिथे कपड्यांनासुद्धा लागतो, तिथे एक म्हातारी जांभूळ होती. तिच्या वाळक्या फांदीवर मला एक करडी बुरशी मिळाली. कानाच्या पाळीएवढी, खालून फिकट जांभळी, दिसायला अगदीच सामान्य. तपासलं तर तिचे जवळचे नातेवाईक सगळे सह्याद्रीच्या दाट जंगलात, आणि ही एकटीच इथे, कारखान्यांच्या धुरात. ही नवीच जात असावी असं वाटत होतं. पक्कं सांगायला ती जिवंत आणि निर्भेळ हवी होती, आणि माझी पीएचडी त्या पक्क्या उत्तरावर उभी होती.

पुढच्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि जांभूळ गेली. मी आसपासचा सगळा भाग पालथा घातला, पुन्हा ती बुरशी दिसली नाही. आता ती उरली होती फक्त माझ्या काचेच्या नळ्यांत, बटाट्याच्या जेलीवर, कापसाच्या बोळ्याखाली. हळू वाढायची. मी तिला वेळेवर जुन्या नळीतून नव्या नळीत हलवायचे. घरच्या कुणाची इतकी काळजी मी कधी घेतली नाही.

तिची एक नळी दुसऱ्या संस्थेत जपून ठेवायला देऊया, असं मी माझ्या गाइडना, म्हणजे सरांना, म्हटलं होतं. सर म्हणाले, "पेपर छापून येईपर्यंत एक नळी बाहेर जाणार नाही. लोक चोर असतात." सर स्वतःवरून जग ओळखायचे.

नळ्यांच्या खोलीचे त्यांचे नियम कडक होते. चप्पल नाही, डबा नाही, ओलं पान-फूल तर नाहीच. फुलांतून माइट येतात. हे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पांढरे किडे कापसातून आत शिरतात, बुरशी खातात आणि एका नळीतली घाण दुसरीत नेतात. एकदा एक मुलगी गजरा माळून आत आली, तर सरांनी तिला तो सगळ्यांसमोर काढून कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावला. वर म्हणाले, "लग्नाला आलीस का?" ती रडली. मला तेव्हा सरांचंच बरोबर वाटलं होतं.

आणि मग खंडेनवमी आली. शाळेत पाट्या, कारखान्यात यंत्रं, तशी आमच्याकडे मायक्रोस्कोपची पूजा व्हायची. दरवर्षी ती बाहेरच्या टेबलावर व्हायची. त्या वर्षी सरांची बढती झाली होती, त्यामुळे भक्तीलाही भरतं आलं होतं. बाजारातून ओल्या झेंडूच्या जाड माळा आल्या आणि सर स्वतः एक माळ घेऊन नळ्यांच्या खोलीत शिरले. थेट नळ्यांच्या कपाटावर चढवली. आंब्याचे टाळेही खोवले.

मी म्हटलं, "सर, माइट येतील. त्या गजऱ्याच्या वेळी तुम्हीच..."

"गजरा नटायला असतो, ही पूजा आहे. तुला फरक कळत नाही का?" मग बाकीच्यांकडे वळून, "हिला देवाचंपण टेन्शन येतं." सगळे हसले. गजऱ्यावाली मुलगी सगळ्यात मोठ्याने हसली.

माळ आपोआप सुकेपर्यंत काढायची नाही, असंही सरांनी बजावलं. मी एकदा हात लावला, तर अपशकुनी म्हणाले. गमतीत म्हणाले असं सगळ्यांचं मत पडलं. माळ लटकत राहिली, काळी पडली, तिचा चुरा कपाटावर पडला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी नळ्या काढल्या. माझ्या करड्या बुरशीवर हिरवे ठिपके होते. इकडे-तिकडे पडलेले नव्हते, ओळीने होते. किडे चालत गेले त्या वाटेवर पावलापावलाला परकी बुरशी उगवली होती. प्रत्येक नळीत तेच. मी खाली बसले आणि अगदी घाणेरडी शिवी दिली, देवाला की सरांना ते मला माहीत नाही.

सरांनी सगळ्यांना बोलावलं. "नळ्यांची निगा कोणाची होती? हिची. इथे बसून डबा खात असणार. बुरशीसुद्धा जगवता येत नाही, आणि म्हणे सायंटिस्ट." माळेचं नाव कुणी काढलं नाही. मी काढलं, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "चढ आणि दाखव, कुठे आहे माळ?" ती सकाळीच कुणीतरी काढून टाकली होती.

मी थोडा वेळ मागितला. हिरवीतून करडी वेगळी काढता आली असती कदाचित. सर म्हणाले, नाही, बाकीच्यांच्या नळ्या धोक्यात येतील, सगळ्या आजच नष्ट करायच्या. निर्णय बरोबर होता. त्यांच्या जागी मीही तोच घेतला असता, आणि हेच मला सहन होत नाही.

"तूच टाक," ते म्हणाले.

ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा कुकर. मी माझ्या नळ्या त्यात रचल्या, झाकण आवळलं, बटण दाबलं. सगळे उभे राहून बघत होते. वाफ सुटली तसा खोलीभर वास पसरला, उकडलेल्या बटाट्यांचा आणि शिजलेल्या अळंब्यांचा. सरांनी नाक वर करून तो ओढला.

"वा! भूक लागली," ते म्हणाले. "चला, जेवून घेऊ."

सगळे हसत डबे घ्यायला गेले. मी तिथेच उभी राहिले, आणि त्या वासाने माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं.