आबांचा अंगठा

टायरवर उजव्या हाताचा अंगठा दाबायचा, डोळे मिटायचे, मान थोडी तिरपी करायची आणि निकाल द्यायचा, "लय हाय. जावा." आबांची हवा मोजायची रीत ही एवढीच. कॉम्प्रेसरच्या नळीला काटा होता, पण त्याची काच फुटून आत पाणी शिरलं होतं आणि तो बदलावा असं कुणालाच वाटलं नव्हतं.

कुसगावजवळ जुन्या हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान. वर पत्रा, खाली कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवायला पाण्याचं घमेलं आणि बसायला ट्रकचा जुना टायर. असली दुकानं तुम्हीही पाहिली असतील. आपण तिथं कायम घाईत असतो, त्यामुळे माणसाकडं नीट बघायचं राहूनच जातं. मला मात्र भरपूर बघायला मिळालं, कारण माझ्या मोटारसायकलला खिळे शोधत जायची खोड होती. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. टाकव्याच्या बाजूचे गोठे फिरायचो. आबा मला "डाक्टर" म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, पण ऐकायला बरं वाटायचं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीनं गाडीला हवा सांगणारे सेन्सर बसवले. व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी फिरवून लावायची दोन काळी बोंडं, आणि हँडलवर आकडे दाखवणारा छोटा पडदा. आबांनी ते सगळं नव्या सुनेकडं बघावं तसं पाहिलं.

"ह्ये काय करतं?"

"टायरमधली हवा सांगतं."

"मंग म्या काय करतू?"

मी हसलो.

दुसऱ्याच खेपेला घोळ झाला. पडद्यावर पुढचं चाक कमी दाखवत होतं. आबांनी पुढं हवा मारली, तर मागचा आकडा चढला. आणखी मारली, तो आणखी चढला. पुढचा होता तिथंच. मी गाडीभोवती एक फेरी मारली, आबांनी उलट्या बाजूनं मारली, आणि दोघंही पुन्हा पडद्यासमोर येऊन उभे राहिलो. मग उलगडलं. आधीच्या वेळी आबांनी दोन्ही बोंडं काढून खिशात टाकली होती आणि लावताना पुढचं मागं, मागचं पुढं लावलं होतं. त्यांनी मागच्या बोंडावर लाल रंगाचा ठिपका दिला आणि म्हणाले, "आता चुकंल तर माझं नाव बदला."

चुकलं नाही. तरीही थोड्या दिवसांनी पडदा म्हणायला लागला, मागं हवा कमी. आबांनी अंगठा दाबला. "लय हाय." मी आबांच्या बाजूचा. इतक्या वर्षांचा अंगठा खोटा आणि मुलीनं आणलेलं प्लॅस्टिक खरं, हे मला पटेना. आबांनी बोंड उघडलं, आतली पट्टी घासली, सेल बदलला. पडदा तेच म्हणाला. मी लोणावळ्याच्या बाजारात दाखवलं. तिथला माणूस म्हणाला, सेन्सर उत्तम आहे. परत आलो. अंगठाही उत्तम, सेन्सरही उत्तम, आणि गाडी वळणावर मागनं डुलतीय. मी रस्त्याला शिव्या घातल्या. तुम्ही तरी काय केलं असतं?

मग एका रविवारी दुकानापुढं ही गर्दी. पुण्यामुंबईची पोरंपोरी मोठमोठ्या मोटारसायकली घेऊन घाटाकडं निघालेली. आबा एकेकाला "जावा" म्हणत वाटेला लावत होते. मध्येच कुणाच्या तरी ट्यूबला गरम मशीनवर पॅच चिकटवला. गर्दी ओसरल्यावर माझ्या मागच्या चाकाशी बसले, अंगठा टेकवला, डोळे मिटले.

मला अंगठा दिसला. त्यावर हा एवढा फोड, ताजा, वरची कातडी सुटलेली. तोच अंगठा ते रबरावर दाबत होते आणि चेहऱ्यावर काही नाही. सुई टोचली तरी पाय न उचलणारं जनावर मी ओळखतो.

"आबा, अंगठा भाजलाय तुमचा."

"कुटं?"

मी त्यांना रस्त्याकडं बघायला सांगितलं आणि काडीचं टोक अंगठ्याला टेकवलं. थोडं दाबलं. आबा रस्त्याकडं बघत म्हणाले, "लावा की."

मी काडी टाकून दिली.

"मुंग्या येत्यात कवाधरनं," ते हळूच म्हणाले. "आन् समदी टायरं येकसारखीच लागाय लागलीती. म्या म्हनलं, कंपनीनं रबर बदललं आसंल." मग माझ्याकडं बघून विचारलं, "ह्ये म्हशीला व्हतं का?"

"आबा, माणसांच्या डॉक्टरकडं जायचं. साखर तपासायची."

पण ते ऐकत नव्हते. रिकाम्या रस्त्याकडं बघत होते. "सकाळपास्नं समद्यास्नी जावा जावा म्हनलं, डाक्टर. घाटात धाडलं म्या त्यांना."

साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. दुकान पुन्हा उघडलं नाही. आबा उर्श्याला लेकीकडं राहायला गेले. दुकानाच्या जागी आता मक्याची कणसं मिळतात. मला सारखं वाटतं की त्या रविवारी मी काहीतरी वेगळं बोलायला हवं होतं. काय, ते अजून सुचलेलं नाही.

मला ते आठवतात त्या रविवारचेच. पडद्यावरचा आकडा बघून मी माझ्या चाकात हवा भरली आणि त्यांच्या हट्टापायी त्यांना मागं बसवून खंडाळ्याच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी घेऊन गेलो. खाली कुठं काही झाल्याचं कुणी सांगेना. काही झालं नाही असंही कुणी सांगेना. आबा कठड्यावर बसून वर येणारी प्रत्येक मोटारसायकल निरखत राहिले. उन्हं कलली तशा पुण्याच्या गाड्या परतायला लागल्या. एक लाल गाडी दिसली तसे ते ताडकन उठले. "ही सकाळची! ही आली बगा!" पोरानं म्हाताऱ्याकडं पाहिलंही नाही, तो गेला निघून. आबांनी त्याच्या पाठीला हात जोडले. मग एक निळी आली, मग एक जोडपं.

"आजून लय जन ऱ्हायल्यात," म्हणून ते पुन्हा बसले.

राहिलेले मुंबईचे होते. घाट उतरून ते आपापल्या घरी जाणार होते, या वाटेनं ते वर यायचेच नव्हते. हे आबांना कुणी सांगायचं? मी गाडी मोठ्या स्टँडवर चढवली आणि त्यांच्या शेजारी बसून वळणाकडं बघत राहिलो.