रुतलेला पंच

मुळगावच्या आमच्या घरातला सोफा घेताना दुकानदार म्हणाला होता, "दहा वर्षं बघायला नको." आम्ही पंधरा वर्षं बघितलं नाही. फोमचा भुगा होऊन रोज केरात येऊ लागला, मधले पट्टे तुटले. मी तिथे जुनी गोधडी कोंबली आणि वर चादर पसरली.

"आता तरी बदला," बायको म्हणायची.

"लाकूड सागाचं आहे," मी म्हणायचो.

एका रविवारी आमच्या वॉर्डाचे पंच, म्हणजे पंचायतीचे सदस्य, आले. निवडणूक जवळ आली होती. मी "तिथे नको" म्हणेपर्यंत ते नेमके मधोमध बसले. बसले म्हणजे गेलेच. गुडघे छातीला लागले, हातातली पत्रकं खाली पडली.

आमच्या वळणावरचा दिवा चतुर्थीपासून बंद होता. बायकोने त्यांना तीनदा गाठून सांगितलं होतं, पण ते स्कूटरवरूनच "बघतो, वहिनी" म्हणून पुढे जायचे. आज ते कुठे जाणार? तिने चहा दिला, चिवडा दिला आणि समोर खुर्ची ओढून बसली. दिव्यानंतर गटार झालं, गटारानंतर मोकाट गुरं झाली.

"येतां हां, वहिनी," म्हणत ते दोनदा उठायला गेले. दोन्ही वेळा आणखी खाली गेले.

"भाऊ, लाइनमनला आत्ताच सांगा ना."

"फोन खिशात आहे," ते कळवळून म्हणाले. खिसा गोधडीत रुतला होता.

तिने माझा फोन पुढे केला. त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला, लाइनमनला चांगलंच झापलं. मग आम्ही दोघांनी एकेक हात धरून त्यांना ओढलं. टर्र असा आवाज झाला. तिघांनीही आधी पंचांच्या पँटकडे पाहिलं. फाटला होता सोफा.

संध्याकाळी दिवा लागला. मी छाती फुगवून म्हणालो, "बघितलंस? आता कोण काढतोय हा सोफा?"

बायको खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "तो उजेड सरळ त्याच्यावरच पडतोय. आता रस्त्यावरच्यांनाही दिसतो."

त्याच आठवड्यात आम्ही म्हापशाला गेलो. मी मऊ सोफ्यांवर बसून बघत होतो. तिने दुकानातला सर्वांत कडक निवडला. मी आता त्यावर बँकेत नंबराची वाट बघणाऱ्यासारखा ताठ बसून टीव्ही बघतो. माझी जुनी पाठदुखी मात्र गेली, पण हे तिला अजून सांगितलेलं नाही.