वळणावरची व्हर्लीन

आमच्या अलाबामातल्या हॅचर गावात कॉलेजचा फुटबॉल संघ सामन्याआधी चालत मैदानावर यायचा. जुन्या जिमखान्यातून निघून उतारावरून खाली. दोन्ही बाजूंना गाव उभं राही आणि पोरं जाता जाता लोकांच्या पुढे केलेल्या हातांवर टाळी देत जात. माझं आयुष्य रंगमंचावर गेलं, पण असा प्रवेश मला कधी मिळाला नाही!

उतारावर पाण्याच्या नळाजवळ एक वळण आहे. तिथं माझी शेजारीण व्हर्लीन स्टोकली उभी राहायची. आधी नवरा डॉयल सोबत असे. तो गेल्यावर एकटीच. मुलगी लांब ओरेगनला. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली ही बाई अंगानं भक्कम, तोंडानं फटकळ.

"शनिवारी एवढी सगळी पोरं माझ्या हाताला हात लावून जातात," ती एकदा मला म्हणाली. "बाकी दिवस कोण लावतंय? केस कापणारी लावते, ती पण टिप घेते!" आणि खदखदून हसली. मला हसू आलं नाही.

संघासाठी नवी इमारत बांधायचं ठरलं तेव्हा वर्गणी जमवायला ठेवलेल्या लिलावासाठी तिनं इतके केक भाजले, की आमच्या गल्लीभर कॅरॅमलचा वास दरवळत राहिला. "पोरांना चांगलं मिळू दे रे," म्हणायची.

ऑगस्टात ती इमारत गावाला दाखवायला उघडली. लोक देवळात शिरावं तसे टोप्या काढून आत शिरले आणि मग एकदम सुटलेच.

"अरे, आत धबधबा आहे!"

"न्हाव्याचं स्वतंत्र दुकान! माझ्या बायकोला सांगू नका, इथंच राहायला येईल."

"कपाट बघ केवढं! करंडक कुठून आणणार? उसने?"

"तू गप रे. एवढ्या मऊ खुर्च्यांवर बसून तरी यंदा चेंडू हातातून सुटायला नको."

माहिती देणाऱ्या मुलीला व्हर्लीननं विचारलं, "बाळ, पोरं बाहेर कुठल्या दारानं येणार?"

"बाहेर यायलाच नको, व्हर्लीनबाई! खालून बोगदा आहे, थेट मैदानात. ऊन नाही, पाऊस नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्हर्लीननंही टाळ्या वाजवल्या. मी तिच्याकडे बघत होतो. सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या चालूच होत्या.

"कोचला सांगून बघू या का?" घरी जाताना मी म्हटलं.

"काय सांगणार? म्हातारीसाठी पोरांना उन्हात चालवा?" ती म्हणाली. "काहीतरीच!"

सप्टेंबरचा पहिला शनिवार. सगळं गाव आधीच मैदानात जाऊन बसलेलं. माझं तिकीट खिशात होतं, पण पाय उताराकडे वळले. वळणावर नळ ठिबकत होता आणि संघाची मरून रंगाची जर्सी घातलेली व्हर्लीन उभी होती. एकटीच.

"मला ठाऊक आहे, कोणी येणार नाही," मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "उगाच तोंड पाडू नकोस. डॉयलची जागा आहे, म्हणून आले."

खालून बँडचा आवाज आला. पाठोपाठ सगळ्या मैदानाची आरोळी. संघ बोगद्यातून बाहेर आला होता.

मी चार पावलं वर चढलो. छाती काढली, खांदे रुंद केले आणि ह्या वयात जमेल तेवढ्या ऐटीत उतारावरून पळत खाली आलो. तिनं हात पुढे केला. मी टाळी दिली.

"जोरात मार की! नाटकी कुठला!"

मी परत वर गेलो, परत आलो. ह्या वेळी चांगली सणसणीत दिली. ती हसली. मी धापा टाकत नळाला टेकलो.

तिचा हात अजून पुढेच होता. ती माझ्या पलीकडे, उताराच्या वरच्या टोकाकडे बघत होती.