आयुधाचा घास

जुनं पिस्तूल समोर ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: राजानं दिलेलं ना? तंजावरातल्या आम्हा मराठी घरांमध्ये जे जे जुनं, ते ते राजानं दिलेलं. तलवार राजाची, समई राजाची, पानाचा डबासुद्धा राजाचा. इतकं सगळं वाटलं असतं तर राजाच्या घरात चमचाही उरला नसता. हे मी लोकांच्या तोंडावर बोलून दाखवते, म्हणून मला लग्नामुंजीची आमंत्रणं कमी येतात.

पुण्याच्या एका संग्रहालयात मी शस्त्रविभागात जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर गावी परत आले. ही लिहायची मराठी मी तिकडेच शिकले. आमची घरची मराठी तमिळच्या चालीवर चालते आणि ती लिहायची वेळ कोणावर फारशी येत नाही. माझं काम युरोपातून आलेल्या जुन्या बंदुका आणि पिस्तुलं ओळखण्याचं. कुठली, केव्हाची, अस्सल की गेल्या वर्षी बनवून मातीत पुरून म्हातारी केलेली, हे सांगायचं. पण वय आणि कूळ या नंतरच्या गोष्टी. आधी पोट बघायचं. तोंडातून भरायच्या नळीत गज सोडायचा, नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा धरायचा, आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. आत जाळ पोचवणारं जे बारीक भोक असतं, ज्याला कान म्हणतात, तिथवर गज पोचला तर पोट रिकामं. अलीकडेच अडला तर आत काहीतरी बसलं आहे. कोरडी राहिलेली दारू दोनशे वर्षांनीही मेलेली नसते. हे मी ओरडून ओरडून सांगत आले आणि लोक हसत आले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मराठी घर आहे. तिथे एक म्हातारी आई, तिचे दोन मुलगे आणि धाकट्याची बायको अशी माणसं. थोरला सरकारी कचेरीत, एकटा. धाकट्याचं बसस्टँडजवळ दुचाकी दुरुस्तीचं दुकान. घर विकायचं की नाही यावरून भावांचं वाजायचं आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. त्या घरात पिस्तुलांची एक जोडी होती. वर्षभर पेटीत असायची आणि खंडेनवमीला पाटावर यायची. मला ती कधी दाखवली नव्हती. बाईमाणसाला शस्त्रातलं काय कळतं, असं थोरल्याचं मत होतं.

खंडेनवमीच्या दिवशी पूजा आटोपल्यावर थोरला झोपाळ्यावर बसला आणि भावाला म्हणाला, पिस्तूल घेऊन उभा राहा, फोटो काढू. कितीतरी दिवसांनी दोघं नीट बोलत होते. धाकट्याने पिस्तूल उचललं, भावावर रोखलं, सगळे हसले, आणि त्याने चाप ओढला. थोरला झोपाळ्यावरच मागे कलंडला. आस्पत्रीत न्यायच्या आधीच संपला होता.

धाकट्याला पोलिसांनी त्याच दिवशी नेलं. "सुम्मा दाबलों," एवढंच तो सांगत राहिला. सुम्मा म्हणजे उगीच, सहज. उगीच दाबलेल्या चापाने माणूस कसा मरतो, असं पोलिसांनी विचारलं, आणि विचारणारच. तपासणीत त्या पिस्तुलावर फटाक्याच्या ताज्या दारूचा अंश निघाला. म्हणजे पिस्तूल नुकतंच भरलेलं होतं. घराचं भांडण सगळ्यांना ठाऊक होतं. गल्लीने तर उचलली जीभ लावली टाळ्याला: सणाचा दिवस साधून काटा काढला.

त्याची बायको माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "अक्का, तो वाईट नाहीं. गोळी भरायचं त्याला ठाऊकच नाहीं. तुम्हीं बघून सांगा." मी तिला म्हटलं, माणूस गेल्यावर पिस्तूल तपासायचं म्हणजे वरातीमागून घोडं. ती जागची हलली नाही. मग माझीच मला लाज वाटली आणि मी हो म्हटलं.

कोर्टाच्या परवानगीने मला जोडीतलं दुसरं पिस्तूल बघायला मिळालं. ते कोणी हाताळलं नव्हतं. पूजेचं चंदन आणि कुंकू अजून त्याच्यावर सुकलेलं होतं. इन्स्पेक्टर तरुण आणि सभ्य होता. आमचं बोलणं तमिळमध्ये झालं.

हे चकमकीचं पिस्तूल. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, समोर पोलादी झाकण, झाकणाखाली कानाला लागून एक छोटी वाटी. वाटीत चिमूटभर दारू टाकतात, तिला रंजक म्हणतात. चाप ओढला की मागे ताणलेला घोडा पडतो, गारगोटी झाकणावर घासून ठिणगी उडते, रंजक पेटते आणि जाळ कानातून आत शिरतो. मी झाकण अलगद वर केलं. वाटी भरलेली होती. तळाला काळं, दगडासारखं थिजलेलं, आणि वर करडी पूड, चांदीसारखी चमकणारी. ती चमक जुन्या दारूत असूच शकत नाही, ती आजच्या फटाक्यातली.

"बघा," इन्स्पेक्टर म्हणाला. "हेही त्यानंच भरलं."

मी ती पूड पुडीत काढून घेतली, वाटी पुसली, कानात तेल सोडलं आणि नळीत गज घातला. गज अलीकडेच अडला. इन्स्पेक्टर दोन पावलं मागे सरकला, आणि मला त्याचा थोडा आनंद झाला हे कबूल करते. मग टोकाला मळसूत्र असलेल्या गजाने एकेक ऐवज बाहेर ओढला. आधी कापडाचा बोळा, हात लागताच त्याचा भुगा झाला. मग शिशाची गोळी, चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी. शिशाला असा पांढरा थर धरायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. तिच्यामागे दारू, सगळी काळी, चमकेचा कणही नाही. पिस्तूल कोणीतरी भरून ठेवलं होतं, ते या घरातल्या कोणाच्या आजोबांच्याही आधी.

"म्हणजे गोळी जुनी," इन्स्पेक्टर म्हणाला. "पण वाटीतली ताजी. आत गोळी आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं फक्त वाटी भरली."

"दोन्ही पिस्तुलांच्या?" मी विचारलं. "एका भावाला मारायला?"

त्याने पुडी उजेडात धरून पाहिली. मग, इतकं सगळं झाल्यावर, त्याने विचारलंच: राजाचं आहे का? मी नळीच्या खिळी काढून ती लाकडावरून उचलली. वरच्या पितळावरची नक्षी आणि कारागिराचं नाव पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून साफ गुळगुळीत झालं होतं. पण नळीच्या पोटाखाली, जिथे चिंच पोचत नाही, तिथे मुकुटाचे दोन शिक्के स्वच्छ होते. नळी तपासून इंग्लंडात मारलेले. कोणा गोऱ्या अधिकाऱ्याची जोडी. राजाचा काहीएक संबंध नाही, असं मी सांगितलं, आणि पहिल्यांदाच ते सांगून मला काही मिळाल्यासारखं वाटलं नाही.

चिंच मात्र डोक्यात राहिली. पितळेला चिंच लावणारा हात पुरुषाचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरी गेले. म्हातारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. सांत्वनाला आलेल्या बायका निघून गेल्या होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, "मामी, आयुधांची पूजा तुम्हीं कशी करतां?"

तिने सुपातला हात थांबवला नाही. एखाद्या सुनेला रीत शिकवावी तसं सांगितलं. आदल्या दिवशीं चिंचेनं घासायचं. मग विभूती, मग तेल. सकाळीं चंदन, कुंकू, झेंडूचं फूल. पोरी आणि सुंडल पुढं ठेवायचं. पोरी म्हणजे कुरमुरे आणि सुंडल म्हणजे उकडलेले हरभरे, तंजावरात खंडेनवमीला घरोघर तेच.

"आणि?" मी म्हटलं.

"आणि घास," ती म्हणाली. "फटाका सोलून त्याची पूड. झाकण उचलून वाटींत चिमूट, मग झाकून टाकायचं. आयुधाला उपाशीं ठेवूं नये म्हणून सासूबाई सांगत. त्यांच्या वेळीं कोविलांतला वाणकार काळी दारू द्यायचा. आतां तो कोठें? म्हणून फटाका."

कोविल म्हणजे देऊळ, वाणकार म्हणजे तिथल्या उत्सवाची दारूकामं करणारा. तिची सासू, सासूची सासू, सगळ्यांनी हेच केलं. कोणाला काही झालं नाही, कारण घोडा गंजून जागच्या जागी बसलेला होता. तो ओढायचं कोणाच्या मनातही नव्हतं. पुरुष नमस्कारापुरते यायचे. आतल्या खोलीत आयुधांना कोण काय भरवतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"यंदा घोडा कोणी मोकळा केला, मामी?"

"धाकट्यानं. थोरल्या अण्णाला बरं वाटेल म्हणून. दुकानांतलं तेल आणून घातला."

हे बोलताना तिचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यभर लोकांना फटकळपणे खरं सांगत आले आहे, आणि त्या क्षणी मला खोटं बोलायचं होतं. मनापासून बोलायचं होतं. गोळी जुनी होती एवढं सांगून उठावं, कोर्ट बघून घेईल. पण तुरुंगात तिचा दुसरा मुलगा होता, आणि ती चमकती पूड कोणाची हे सांगणारं या घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"मामी, त्या वाटीनंच आग लागली," मी म्हटलं.

तिने तांदळातला एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला. मग विचारलं, "मीं सांगट्लें तर हा सुटेल?"

"सुटेल."

"शरी," म्हणजे बरं, असं म्हणून ती सूप घेऊन उठली. भात लावायचा होता.

कोर्टात तिने तमिळमध्ये सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, हे केव्हापासून करता? ती म्हणाली, लग्न झाल्यापासून. मी गोळी, बोळ्याचा भुगा आणि दोन्ही प्रकारची दारू मांडून दाखवली. खुनाचं कलम गेलं. निष्काळजीपणाचं उरलं, आणि जेवढे दिवस आत काढले तेवढ्यावर धाकटा बाहेर आला. तिच्यावर वयाकडे बघून कोणी काही लावलं नाही. कायद्याने झालं ते योग्य झालं, असं मला अजून वाटतं. त्याने माझा राग मात्र गेला नाही, आणि तो कोणावर काढायचा हेही कळत नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम त्या घरी गेले. पिस्तुलं सरकारजमा झाली होती. पाटावर धाकट्याचे पाने, पक्कड आणि हातोडी मांडलेली, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. म्हातारीने सुंडल केलं होतं, खोबरं घालून. सून म्हणाली, आल्यापासून तो जेवतो ते दुकानाजवळच्या हॉटेलात. घरी फक्त झोपायला येतो. आईशी बोलतो, वाकडं कधी बोलत नाही. पण तिच्या हातचं खात नाही.

तो आला, अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून. हत्यारांना नमस्कार केला. आईलाही केला, तिच्या पायांना हात लावून. तिने मूठभर सुंडल त्याच्यापुढे धरलं. त्याने दोन्ही हातांनी ते घेतलं, वाकून पाटावर पान्यांच्या शेजारी ठेवलं, आणि बाहेर जाऊन चपला घातल्या.

म्हातारीची मूठ तशीच उघडी राहिली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीच्या टोकाला गेला.

"उपाशीं गेला," ती म्हणाली.